सातव्या घरचं पाणी

मैनाबाईच्या हातची पोळी आठ वर्षं प्रभूच्या मेजावर गेली, आणि नवव्या वर्षी गेली नाही. म्हटलं तर गोष्ट एवढीच. पण एवढ्याशा गोष्टीपायी अमरावतीची सात घरांची ख्रिस्ती मंडळी फुटता फुटता राहिली, म्हणून ती सांगायची.

त्या सालात कापसाला सोन्याची किंमत आली होती. समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि इकडे वऱ्हाडात ज्याच्याकडे चार बिघे काळी जमीन तो मिशीला पीळ देऊन चालत होता. अकोल्याकडून, चांदूर बाजाराकडून गाड्यांची रांग यायची ती परकोटाच्या दरवाज्यापासून पार ओढ्यापर्यंत पोचायची. रस्त्याच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असायचे. लोकांनी ज्वारी सोडून कापूस पेरला, वांग्याचे वाफे मोडून कापूस पेरला. मग ज्वारी महागली. शेतवाल्याला त्याचं काय? पण मंडळीतल्या सात घरांपैकी एकाच्याही नावावर शेत नव्हतं. कोणी गाड्या रिकाम्या करी, कोणी सरकी काढी, आणि मैनाबाईचा नवरा नत्थुजी ओढ्याकाठचा एक तुकडा खंडानं करून भाजी विकी.

मंडळीत एक रीत होती. भाकरीचं पीठ मळायला घेतलं की त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. आठवड्याचं पीठ मैनाबाईकडे यायचं आणि ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याच्याकडे ती ते पोचवायची. यात ती कधी चुकली नाही. कोणाच्या घरी किती तोंडं, कोण मागायला लाजतो, कोण उगाच रडतो, सगळं तिला पाठ. लोक म्हणत, "मैनाबाईचा हात मोठा." तिला ते ऐकायला आवडे. आवडणारच, माणूसच ती.

आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची पोळीही तिचीच. नागपूरचे पाद्री साहेब वर्षातून दोनदा बैलगाडीनं येत, तेव्हाच प्रभुभोजन व्हायचं. एरवी उपासना चालवायचे ते उत्तमराव मास्तर. भोजनाच्या आदल्या दिवशी मैनाबाई गहू निवडून जात्यावर दळायची, अंघोळ करून कणीक मळायची, आणि ती पोळी पांढऱ्या फडक्यात बांधून उतरंडीवर ठेवायची. नत्थुजीनं त्या बाजूला बघितलं तरी ती ओरडायची.

अशात पावसाळा सरताना माणिकबाई आली.

ती अकोल्याकडची, बाळापूरच्या महारवाड्यातली. विधवा, पंचेचाळिशीची, काटक. तिकडेच तिचा बाप्तिस्मा झालेला. कापसाच्या गाड्यांबरोबर चालत अमरावतीला आली आणि एका व्यापाऱ्याच्या आवारात सरकी काढायच्या कामाला लागली. मंडळीतल्या झिंगराजी महाराच्या घरामागे तिनं एक झोपडं उभं केलं. झिंगराजीची आणि त्याच्या दोन भावांची अशी तीन घरं त्या गल्लीत होती. माणिकबाईचं झालं सातवं.

पहिल्या रविवारी मैनाबाईनंच तिला जवळ बसवून घेतलं. पीठही पाठवलं. माणिकबाईनं पीठ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं पार्बताबाईला नेऊन दिलं.

पार्बताबाई म्हणजे मंडळीतली म्हातारी कुणबीण. लेकांनी टाकलेली, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. मैनाबाई तिला दर शनिवारी पीठ द्यायची, दारातूनच "बरी हायेस ना व पार्बता?" म्हणायची आणि पुढच्या घरी जायची. माणिकबाई तिथं बसायला लागली. दिवसभर सरकी काढून आलेली बाई, म्हातारीचं अंग पुसायची, धडपं धुवायची, तिच्या केसातल्या उवा काढायची. म्हातारी खुदकन हसते असं कोणीतरी सांगितलं तेव्हा मैनाबाईला खरंच वाटलं नाही. ती बघायला गेली. दारातून म्हणाली, "बरी हायेस ना व पार्बता?"

आतून आवाज आला, "कोन? माणिक का?"

"मी मैना."

"बरं," म्हातारी म्हणाली. "ठेव तिथंच. माणिक दिसली तं धाडजो."

मैनाबाईनं पीठ ठेवलं. रस्ताभर ती पुटपुटत राहिली. दोन वर्षांचं पीठ, बाई! दोन वर्षांचं! आणि "ठेव तिथंच".

तिथून तिला माणिकबाईचं सगळंच दिसायला लागलं. झिंगराजीच्या सुनेला ताप आला, बोलावणं माणिकबाईला. मास्तरांच्या बायकोचे पाय सुजले, रात्रंदिवस नाव माणिकबाईचं. उपासनेत गाणं सुरू झालं की तिचा तो जाडाभरडा आवाज सगळ्यांच्या वर. नत्थुजी एकदा जेवताना म्हणाला, "बाई मोठी गुनाची हाये." मैनाबाईनं त्याच्या ताटात भाकरी अशी आपटली की वरण त्याच्या धोतरावर उडालं.

"काय झालं व?"

"काय नाही. जा ना तिच्याच घरी जेवाले."

"बाप्पा!" नत्थुजी म्हणाला आणि खाली मान घालून जेवला.

मार्गशीर्षात साहेब येणार असं कळलं. मैनाबाईनं गहू काढून ठेवले. गुरुवारी मास्तर दारात आले. उत्तमराव मास्तर पातळ अंगाचे, भित्रे, वाईट बातमी सांगायची असली की उपरण्याच्या टोकाशी चाळा करणारे. आज टोक पार सुटलं होतं.

"मैनाबाई, एक इचार केला मी. आठ वर्सं तुमीच पोळी करता. यंदा माणिकबाईनं करावी म्हनतो. सगळ्यायले संधी भेटली पायजे ना."

"बरं," मैनाबाई म्हणाली.

"तुमाले वाईट तं नाही वाटलं?"

"मले काहून वाईट वाटते? प्रभूचं मेज हाये, माह्या बापाचं थोडीच."

मास्तर सुटल्यासारखे गेले. मैनाबाईनं ते निवडलेले गहू पुन्हा सुपात घेतले आणि त्यात खडा नसताना तासभर निवडत बसली.

आता शनिवारचं सांगायला हवं, कारण सगळं त्या शनिवारावर आहे.

आठ वर्षांपूर्वी मंडळीत तीनच घरं होती: मास्तरांचं, झिंगराजीचं आणि हे नत्थुजी माळ्याचं. आम्ही सगळे एक, असं तिघंही म्हणत. पण झिंगराजीच्या बायकोनं पहिल्यांदा पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा नत्थुजीचा हात अर्ध्यावर अडकला होता. मैनाबाईनं तो तांब्या घेतला आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मळ्यात सासऱ्यापर्यंत पोचली. सासऱ्यानं दोघांचं बिऱ्हाड ओट्याखाली फेकलं, हिस्सा गेला, सासरची दिवाळी तुटली. तेव्हापासून मास्तरांनी रीत घातली: प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं मंडळीतल्या प्रत्येक घरी जायचं, तिथलं पाणी प्यायचं. पाणी देणाऱ्यानं विचारायचं, "मनात काही नाही ना?" पिणाऱ्यानं म्हणायचं, "काही नाही." एक घर जरी राहिलं तरी त्या माणसानं मेजाजवळ येऊ नये.

म्हणजे ही रीत मैनाबाईच्या एका तांब्यावर उभी होती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. तिला तर फारच.

त्या शनिवारी ती सकाळीच निघाली. मास्तरांकडे प्यायली. पार्बताबाईकडे स्वतःच ओतून प्यायली. झिंगराजीकडे, त्याच्या दोन्ही भावांकडे प्यायली. पोट पाण्यानं डबडबलं. मग ती मागच्या झोपड्याकडे वळली.

आत बाया जमल्या होत्या. माणिकबाईला गव्हाच्या कणकेची सवय नाही म्हणून झिंगराजीची सून मदतीला, मास्तरांची बायको सुजल्या पायांनी येऊन बसलेली. हसणं चाललं होतं. आणि मधोमध, पाणी पिऊन झाल्यावरही न उठलेला, नत्थुजी. सांगत होता, "आमच्या घरी तं या दिवशी श्वास घ्याची चोरी! पोळीकडे पाह्यलं तरी मैना अंगावर येते."

सगळ्या हसल्या. माणिकबाईचं हसणं सगळ्यांत मोठं.

मैनाबाई उंबऱ्यावर पाऊल ठेवता ठेवता थांबली. तिला कोणी पाहिलं नाही असं तिला वाटलं. ती तशीच मागं फिरली आणि घरी येऊन कपाळाला चिंधी बांधून पडली.

पण पाहिलं होतं. झिंगराजी अंगणात दोरखंड वळत बसला होता. सावल्या लांबायच्या सुमाराला तो मैनाबाईच्या दारात आला. आत आला नाही. आठ वर्षांत तो पहिल्यांदा असा बाहेर उभा राहिला.

"मैनाबाई, डोकं दुखते म्हने?"

"हो दादा. बस ना."

"उभाच बरा. एक इचाराचं होतं. माणिकच्या दारातून माघारी कावून फिरल्या?"

तिनं कपाळावरची चिंधी घट्ट केली.

"आमच्या घरचं पेल्या. माह्या भावायचं पेल्या. आमची सवय झाली असंल. पन हे नवी महारीन, आन तिच्या हातची पोळी आता मेजावर जानार. हे नाही ना उतरलं घशाखाली?"

मैनाबाई ताडकन उठून बसली. चिंधी डोळ्यावर घसरली. "दादा! काय बोलून राहिला तू? मी? मी जात पाह्यली?"

"मंग काय पाह्यलं?"

आता काय सांगणार? की पार्बताबाई तिचं नाव घेते म्हणून? की माझा नवरा तिथं हसत होता म्हणून? चाळीस वर्षांच्या बाईनं हे तोंडानं कसं म्हणायचं? जातीचं पाप तरी मोठ्या माणसांचं पाप होतं. हे तर पोरीबाळींचं, खेळातल्या बाहुलीवरून भांडणाऱ्यांचं.

"तसं नाही," ती एवढंच म्हणाली.

झिंगराजीचा चेहरा रागावलेला नव्हता, तेच तिला सहन होईना. "तुमच्यापायी आमी मंडळीत बसलो, बाई," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमी पेल्या नसत्या तं मी उठून गेलो असतो. उद्या आमी चार घरं मेजाले येनार नाही. साहेबाले काय सांगाचं ते मास्तर सांगतीन."

तो गेला. नत्थुजी कोपऱ्यात होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "मैना, कावून नाही पेली व?"

"तुमी गप राहा. तुमच्यापायीच झालं हे."

"माह्यापायी? मी काय केलं?"

त्याला खरोखरच कळलं नव्हतं. मैनाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर पडली.

वाटेत तिनं ठरवून टाकलं. अवघड काही नाही. जायचं, पाणी मागायचं, विसरले म्हणायचं, डोकं दुखत होतं म्हणायचं. ती विचारेल मनात काही नाही ना, म्हणायचं काही नाही. उद्या सगळे मेजाला येतील. कोणाचं काय बिघडलं?

दिवेलागणीला माणिकबाई एकटीच होती. पोळी झालेली होती, फडक्यात झाकलेली. मैनाबाईची नजर आधी तिकडे गेली.

"या," माणिकबाई उठून म्हणाली. मग हळूच म्हणाली, "झिंगराजीदादा बोलला मले. बसा, मैनाबाई. एक सांगू? रागावू नका. माह्या घरचं पानी नका पेऊ."

"काय?"

"मन नाही होत ना, मंग जबरीनं कायले? अशी गोष्ट जोरानं होत नाही. माह्या सासूले तं आमच्यातल्याच दुसऱ्या गावच्या लोकायचं पानी चालत नव्हतं." ती दाराशी येऊन बाहेर बघून आली. "मी सगळ्यायले सांगतो, मैनाबाई संध्याकाळी आल्या, पेल्या. कोन पाहाले येते? दादाले मी समजावतो. तुमचं नाव तुटू देत नाही. आठ वर्सांचं नाव हाये तुमचं."

ही बाई मैनाबाईसाठी खोटं बोलायला तयार होती. स्वतःचा अपमान गिळून, वर तिचंच नाव सांभाळायला निघाली होती. आणि मैनाबाईच्या मनात जे पेटलं ते असं: इथंही! इथंही हीच मोठी! मला साधी विटाळ मानणारी बाईसुद्धा होऊ देत नाही, त्यातही हिनंच क्षमा करायची!

"जात नाही व, मेले!" ती ओरडली. "जात नाही! तुह्या जातीले मी काय करू? मले तुहा हेवा वाटते!"

माणिकबाईला कळलंच नाही. "काय वाटते?"

"हेवा! हेवा! जळतो मी! पार्बता मले म्हनते, ठेव तिथंच. तुले म्हनते, ये माय. माहा नवरा तुह्या घरी दात काढते. मास्तरनं पोळी तुले देली. तुहं गानं आयकलं का मले वाटते, हिचा गळा बसावा. खरं सांगतो, वाटते. मंगळवारी तू खोकलत होती ना, तवा मले बरं वाटलं होतं!"

बाहेर कुठंतरी गाडीवाला बैलांना हाकारत होता.

"म्हंजे मी महारीन हावो म्हनून नाही?"

"नाही म्हनलं ना."

"माहा हेवा." माणिकबाईनं ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. "माहा! या झोपड्यातल्या माणिकचा!" तिला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते नुसतंच येत राहिलं. "पंचेचाळीस वर्सं झाली व बाई. लोकायनं कीव केली, शिव्या देल्या, दूर हो म्हनलं. कोनी माहा हेवा नाही केला. माह्या नवऱ्यानंबी नाही. माय व माय!"

"हसू नको," मैनाबाई म्हणाली. "मले अजूनबी वाटून राहिला."

"वाटू दे ना! थोडा वाटू दे." माणिकबाईनं डोळे पुसले, मडक्यातून तांब्या भरला आणि समोर धरला. मग रीतीप्रमाणे, पण जरा खट्याळपणे विचारलं, "मनात काही नाही ना?"

"हाये," मैनाबाई म्हणाली. आणि प्यायली. पोटात जागा नव्हती, तरी तांब्या रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी उपासनेच्या खोलीत साहेब येऊन बसले. मेजावर पांढरं कापड, द्राक्षरसाच्या जागी मनुकांच्या पाण्याचा प्याला, माणिकबाईची पोळी. झिंगराजी आणि त्याचे भाऊ दाराबाहेर निंबाखाली उभे होते. माणिकबाईनं त्यांना समजावलं होतं, पण झिंगराजी म्हणाला होता, "तू साधी हायेस. तुले कोनीबी बनवीन."

तेव्हा मैनाबाईला उठावंच लागलं. ती दारात जाऊन उभी राहिली, आत तोंड नाही, बाहेर तोंड नाही, चौकटीशीच.

"झिंगराजीदादा, सगळ्यायसमोर सांगतो. मी जात नाही पाह्यली. मले माणिकचा हेवा आला, पोळीपायी आन पार्बतापायी. म्हनून फिरली. हे सांगाची लाज वाटली, म्हनून काल तुह्यासमोर गप राहिली."

नत्थुजीनं मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि कालचं त्याला आत्ता कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"खरं हाये, दादा!" माणिकबाई आतून म्हणाली. "मी खोकलली तं खूश झाली होती ते! असं खोटं कोन सांगते?"

निंबाखाली पहिल्यांदा झिंगराजीचा धाकटा भाऊ हसला. मग झिंगराजीनं डोक्यावरचं मुंडासं काढून झटकलं. "आन मी रातभर जागा राहिलो," तो म्हणाला. "बायायचं भांडन निघालं होय!"

साहेबांना वऱ्हाडी बोलणं अर्धंच कळे. त्यांनी पुस्तकी मराठीत विचारलं, "उत्तमराव, या भगिनीस काय झाले आहे?"

"साहेब, हिले दुसरीचा हेवा वाटला. पोळीवरून."

साहेब गंभीरपणे म्हणाले, "आमच्या गावीही पोळी करणाऱ्या भगिनी आहेत." आणि पुस्तकात डोकं घातलं.

मास्तर मैनाबाईजवळ आले. रीत त्यांनीच घातलेली, तेव्हा विचारणं त्यांना भाग होतं. "मैनाबाई, गेलं का मग मनातलं?"

"नाही गेलं," ती म्हणाली. "अर्धं गेलं असंल. मी मांगं बसतो. तुमी जेवा."

मास्तर उपरण्याचं टोक पिळत उभे राहिले. उत्तर झिंगराजीनं दिलं. तो आत आला होता. "मास्तर, पुरं गेलेलं कोनाचं हाये इथं? माह्या या भावावर माहा दोन वर्सांचा राग हाये, बैलावरून. तरी मी दर शनवारी म्हनतो, काही नाही, काही नाही. ही एकटी खरं बोलली तं हिलेच मांगं बसवता?"

"बैलावरून?" धाकटा भाऊ म्हणाला. "तू तं म्हनला होता इसरलो!"

"बसा, बसा आता," मास्तर घाईनं म्हणाले. "सगळे पुढं या. मैनाबाई, तुमीबी."

साहेबांनी प्रार्थना केली, पोळी मोडली, आणि थाळी हातोहात निघाली. आपापला तुकडा घ्यायचा आणि शेजारच्याला द्यायची. मैनाबाईला थाळी दिली माणिकबाईनं.

मैनाबाईनं तुकडा तोंडात घातला. पोळी मऊ होती. रात्रभर राहूनही वातड झाली नव्हती. आठ वर्षांत तिची पोळी सकाळपर्यंत अशी कधी राहिली नव्हती. तिनं मनाच्या तळाशी आशा धरली होती की निदान कच्ची निघेल, करपलेली निघेल, ज्वारीच्या हातची पोळी ती. नव्हती. घास तिच्या तोंडात फिरत राहिला. शेजारी माणिकबाई डोळे मिटायचं सोडून तिच्याकडेच बघत होती, श्वास धरून, जशी पहिलटकरीण सुईणीकडे बघते.

मैनाबाईनं घास गिळला आणि थाळी पुढं दिली.

उपासना संपल्यावर अंगणात तिनं माणिकबाईला गाठलं. "कनकीत काय घातलं होतं व?"

"काही नाही. ऊन पान्यानं भिजवली."

"ऊन पान्यानं? असं कोन करते?"

"आमी करतो ज्वारीची. मले दुसरं येतच नाही. झिंगराजीची सून म्हने बिघडवली तू. बिघडली होती का?"

मैनाबाईला नाही म्हणायचं होतं, आणि हो म्हणायचंही होतं.

"चांगली होती," ती शेवटी म्हणाली. "मेली, चांगली होती."